दारं धरणाऱ्या शिपायाचा मुलगा

एका भल्या माणसाला मी माइकवरून गप्प केलं. चूक माझी होती, आणि ती सगळ्या कळंबनं ऐकली.

भिकूआबा माझे शेजारी. गावात कुठंही उसाच्या ट्रॉलीचं चाक चिखलात रुतलं, की साठी उलटलेला हा गडी हातातला चहा तसाच ठेवून धावत सुटायचा आणि बांधावर उभा राहून टाळ्या पिटायचा. "फसला! पॅटन फसला!" ड्रायव्हर शिव्या घालायचा. आबा त्यालाच दरडावायचे, "चिडतुस कशाला? रणगाडा फसतुया चिखलात, तुझं ट्रॅक्टर काय घिऊन बसलास!"

आबांचे वडील पासष्टच्या लढाईत पंजाबात खेमकरणला होते. तिथं शेतांत पाणी सोडायच्या कामावर त्यांना लावलं होतं, आणि शत्रूचे पॅटन रणगाडे त्या चिखलात रुतले. ही गोष्ट आबा पारावर, लग्नात, मयतीत, कुठंही सांगत. "बंदुकीचं सोडा वो. माझ्या बापानं दारं धरून लढाई जिकली!" दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं, आमच्याकडं ते घरोघर चालतं. कुणी शंका काढली, की आबांचं ठरलेलं, "आदी पाणी बगा, मग बोला."

मी इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. एका पंधरा ऑगस्टला सैनिकांच्या घरच्यांचा सत्कार होता. आबा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. सूत्रसंचालन माझ्याकडं. मला विनोद सुचला. "आता येताहेत, दारं धरून लढाई जिंकणाऱ्या वीराचे चिरंजीव! यांना नारळ द्यायचा की खोरं?" मंडप हसला. आबा उठले, नारळ घेतला, खाली मान घालून जागेवर बसले. त्यानंतरही ट्रॉल्या रुतत राहिल्या. बांधावर कुणी आलं नाही.

पुढं एका पुस्तकात वाचलं, आबा सांगायचे ते सगळं खरं होतं. इतिहासाच्या मास्तरला हे तेव्हा कळलं! माफी मागायला तोंड नव्हतं, म्हणून तिकिटं काढली. "आबा, खेमकरण बघून येऊ." ते म्हणाले, "चला. माजं एक काम हाय तितं."

अमृतसरला मुक्काम केला. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी परत. आबा खिडकीला चिकटून. "मास्तर, पाट बगा कसा सरळ! आपल्याकडं चार ठिकाणी फोडला असता." समोरच्या सरदारजींच्या हातावर त्यांनी भाकरी-ठेचा ठेवला. सरदारजींना असा ठसका लागला, की सगळा डबा गोळा झाला. खेमकरण जवळ आलं तसे आबा दारात जाऊन उभे राहिले.

स्टेशनवरून रिक्षानं शेतांकडं गेलो. बांधावर एक म्हातारे शेतकरी उभे होते. आबांनी चपला काढल्या.

"सरदारजी, मेरे बापने इधर पानी छोड्या था. पासष्ट में."

"छोड़ा था जी," ते म्हणाले. "मैं छोटा था. यह सब हमारी ज़मीन. सारी पानी में थी."

मला वाटलं, आता आबा टाळ्या पिटतील, निदान माझ्याकडं वळून बघतील. त्यांनी हात जोडले.

"आपकी खडी फसल डूब गई. बाप मरते दम तक वोइच बोलता था. लढाई जिकली, पन कुनाचं तरी उभं पीक घालवलं. माफी मांगने आया हूं."

मराठी त्यांना किती समजलं कोण जाणे. त्यांनी आबांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "फसल तो फिर आ जाती है जी," एवढंच म्हणाले.

आबांचं काम हे होतं. बापाची माफी पोचवायला हा माणूस इतक्या लांब आला होता. माझं घर त्यांच्या घराला लागून, मधे एक भिंत, आणि मला तेवढं अंतर जमलं नव्हतं.

"आबा," मी म्हणालो. "त्या दिवशी मी सगळ्या गावासमोर तुमच्या वडिलांची चेष्टा केली. तुम्हाला खोटं पाडलं. चुकलो मी. मला माफ करा."