दोन स्वीकार, नऊ बाद

समीकरणात वर्गमूळ आलं की माणसाच्या चारित्र्याची कसोटी लागते. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वर्गमूळ निघून जातं, पण त्या गडबडीत अधिक-उणेचा भेदही पुसला जातो आणि खऱ्या उत्तराबरोबर एखादं खोटंही आत शिरतं. म्हणून व्हिएतनाममध्ये शेवटी प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करतात आणि पुढे कंसात 'स्वीकार' किंवा 'बाद' लिहितात. (न लिहिल्यास अर्धा गुण जातो. देशाची शिस्त यावरच उभी आहे.)

गणिताच्या थ्वाबाईंनी हयातभर हे अर्धे गुण निष्ठेने कापले होते. "ताळा न करणारं पोर उद्या न बघता रस्ता ओलांडेल," असं त्या वर्गात बजावत.

यंदा दहावीच्या प्रवेशपरीक्षेला गणित आलं: √(क्ष + ७) = क्ष − ५. वर्ग केल्यावर उत्तरं निघतात दोन आणि नऊ. परीक्षा समितीच्या आदर्श उत्तरपत्रिकेनुसार दोन स्वीकार, नऊ बाद. खाली गोल लाल शिक्का.

तपासणीच्या हॉलमध्ये नावाच्या पट्ट्या कापलेले पेपर होते आणि पेपर उडू नयेत म्हणून पंखे बंद होते. थ्वाबाईंची मुलगी क्वेन याच परीक्षेला बसलेली, म्हणून बाईंना नियमाने दुसऱ्या जिल्ह्याचे गठ्ठे मिळाले. 'नऊ स्वीकार' दिसलं की त्या गुण कापत. बरेच कापावे लागले.

"यंदाची पोरं अगदीच ढ," शेजारच्या बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाल्या. "ताळाच करत नाहीत मेली!"

"वळणच नाही राहिलं," थ्वाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी क्वेन स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"काय गं, स्वीकार कुणाला लिहिलंस?"

"नऊला."

"कार्टे, घात केलास! दोन आहे ते."

"अगं आई, घालून तर बघ. दोन घातलं की डावीकडे तीन येतात, उजवीकडे उणे तीन."

थ्वाबाईंनी भाताच्या झाकणावरच्या वाफेत बोटाने नऊ घालून पाहिला. इकडे चार, तिकडे चार.

दुसऱ्या दिवशी समितीप्रमुख खांगसरांनी त्यांना बर्फ घातलेला चहा पाजला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, गणित तुमचं बरोबर आहे. पण शिक्क्याचं काय?"

"शिक्का मारण्याआधी ताळा कुणी केला, सर?"

"शिक्का मारलाय म्हणजे केलाच असणार की!"

समितीने दिवसभर गंभीर विचार केला. उत्तरपत्रिका बदलल्यास तपासनीसांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल (शिवाय दोनवाल्यांच्या घरी जेवणावळी ठरल्या होत्या), तेव्हा दोन कायम राहिला. पुढच्या वर्षी समीकरण उत्तराला साजेसं काढावं, अशी शिफारसही झाली.

क्वेन अर्ध्या गुणाने राहिली. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. त्याच आठवड्यात शाळेत परिपत्रक आलं: विद्यार्थ्यांना ताळ्याची सवय नाही, शिक्षकांनी ती लावावी. खाली लाल शिक्का होता. थ्वाबाईंनी सही केली.

वाचकहो, तुम्हाला समितीचा संताप आला असेल. येणारच. पण समीकरण तुम्हालाही वर अख्खं लिहून दिलं होतं, आणि 'दोन स्वीकार, नऊ बाद' वाचून, क्वेनने भाजी निवडता निवडता सांगेपर्यंत तुम्ही निमूट पुढे सरकलात. (अर्धा गुण कापला आहे.)