साळवेकाकांचा हॉर्न

साळवेकाका पायी चालतानाही हॉर्न वाजवतात. तोंडाने. कँटीनचं दार असो की जिन्याचं वळण, पलीकडचं दिसत नाही म्हटलं की ते क्षणभर थांबतात, "पों पों" म्हणतात आणि मगच पुढे सरकतात.

वाघोलीला आमच्या गोडाऊनमध्ये ते फोर्कलिफ्ट चालवायचे. मी तिथला डिस्पॅच इनचार्ज, म्हणजे कानाला फोन लावून सगळ्यांना घाई लावणारा माणूस. काकांना घाई लावता यायची नाही. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी, टायरवर थाप, वाकून तेल गळतंय का बघणं, ब्रेक दाबून बघणं, आणि मग सीटचा पट्टा. माल उंच असला आणि समोरचं दिसेनासं झालं की गाडी उलटी न्यायची, हा त्यांचा नियम. मी बिबवेवाडीत घर बदललं तेव्हा ते मदतीला आले आणि छातीशी गादी धरून अख्ख्या सोसायटीतून उलटे चालत गेले. आमचा वॉचमन अजून विचारतो, "ते उलटे गृहस्थ बरे आहेत ना?"

एकदा वरच्या रॅकवरचा खोका हवा होता. म्हटलं, "काका, मी फोर्कवर उभा राहतो, उचला मला." त्यांनी गाडीच्या त्या दोन लोखंडी पात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, वर जायची एवढी घाई?" म्हणाले, आणि चावी काढून खिशात टाकली.

वार्षिक कार्यक्रमात मी त्यांची नक्कल केली. प्लॅस्टिकची खुर्ची, कमरेला पट्टा, पों पों. लोक पोट धरून हसले. काका नंतर येऊन एवढंच म्हणाले, "पट्टा उलटा लावला होतात."

संध्याकाळी ते सगळ्यांच्या शेवटी निघायचे. घरी वाट बघणारं कोणी नाही म्हणून रेंगाळतात, असं आम्ही म्हणायचो. आम्ही कसलं, मीच म्हणायचो.

मग तो दिवस आला. मी फोनवर बोलत, पायी चालणाऱ्यांची पिवळी पट्टी सोडून, रॅकच्या कोपऱ्यावरून थेट काकांच्या गाडीसमोर आलो. हॉर्न वाजला होता. मी ऐकला नाही. काकांनी ब्रेक मारला, गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि लोणच्याच्या बरण्यांचे खोके घसरून फरशीवर फुटले.

रिपोर्ट मीच लिहायचा होता. मी लिहिलं, "ऑपरेटरने अचानक ब्रेक मारल्यामुळे माल पडला." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर मला स्वतःची जास्त शिसारी येते. मॅनेजरने बोलावलं तेव्हा काका म्हणाले, "हो, ब्रेक मीच मारला." मी शेजारी उभा राहून बुटांकडे बघत होतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांची गाडी गेली आणि त्यांना गेटवर स्टूल मिळालं.

पुढे महिनाभर मी त्यांच्यासमोरून कानाला फोन लावून जायचो. पलीकडे कोणी नसायचं.

काल संध्याकाळी शेवटचा मीच निघालो. गेटवर काकांनी खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी लिहिलं.

"काय लिहिता हो रोज?"

"काही नाही, जुनी सवय." त्यांनी डायरीच पुढे केली. पानापानावर तारीख आणि खाली एकच ओळ: सगळे घरी गेले. मी घाबरतच मागची पानं उलटली. त्या दिवशी लिहिलं होतं: बरण्या फुटल्या. सगळे घरी गेले.

"काका, त्या दिवशी चूक माझी होती."

"माहीत आहे. मी समोरच होतो." मग म्हणाले, "लागलं नव्हतं ना कुठे? विचारायचं राहूनच गेलं."

रिपोर्टची फाईल मॅनेजरच्या केबिनमध्ये होती. मी बॅग काकांच्या स्टुलाजवळ ठेवली आणि मागे वळलो.

"आता कुठे?"

"रिपोर्ट बदलायला. आजची ओळ खोडा, मी अजून घरी गेलेलो नाही."

त्यांनी चष्मा लावून ती ओळ नीट खोडली आणि पुन्हा स्टुलावर बसले. "सावकाश या. मी आहे."

फोन खिशात टाकून मी चालू लागलो. रॅकच्या त्या कोपऱ्यावर थांबलो आणि तोंडाने हॉर्न वाजवला. या वेळी कोणाची नक्कल करत नव्हतो.