हजाराने दोनदा भागलेले रविवार

एका सेकंदात हजार मिलिसेकंद असतात.

वडिलांच्या भिंतीवरचं घड्याळ आठवड्याला चार मिनिटं मागे पडतं.

त्यांच्या घरात खुर्च्या चार.

दर रविवारी सकाळी नऊला वडिलांना मुलाचा मेसेज जायचा. कधी 'बाबा, गुडघा कसा आहे?', कधी 'पुढच्या रविवारी नक्की येतो.' वडील कारखान्याच्या फाटकावर हजेरी मांडून निवृत्त झालेले. पोरगा कितीही कामात असला तरी आठवणीने लिहितो, असं ते शेजारीपाजारी सांगत फिरतात, हे त्याला बहिणीकडून कळलं होतं. पण तो लिहीत नव्हता. तो प्रोग्रामर होता. वर्षभराचे मेसेज एका बैठकीत लिहून त्याने प्रोग्रामच्या गळ्यात मारले होते. वडिलांची उत्तरं यायची. ती निवांत वाचू म्हणून राहून जायची.

वर्ष संपलं. या रविवारी तो पुढचे बावन्न मेसेज भरायला बसला. कॉम्प्युटर प्रत्येक तारखेचा एक लांबलचक आकडा करतो, १९७० च्या पहिल्या जानेवारीपासून मोजलेला. तारखेकडून तो आकडा मिलिसेकंदांत मिळतो, मेसेज पाठवणाऱ्याला सेकंदांत लागतो. म्हणून हजाराने भागायचं. त्याने भागलं. चहा घेऊन आला आणि भागायचं राहिलं असं वाटून पुन्हा भागलं.

येणारे बावन्नच्या बावन्न रविवार जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडले. प्रोग्रामने पाहिलं, अरे बापरे, पन्नासहून जास्त वर्षं उशीर झालाय. त्याने सगळे मेसेज एका दमात पाठवून दिले.

वडिलांचा फोन आला तेव्हा त्याच्या हातातला कप गार झाला होता.

"सगळे वाचले," वडील म्हणाले. "पुढच्या रविवारी तू अकरा वेळा येणार आहेस. खुर्च्या चारच आहेत रे."

त्याने मग काही लपवलं नाही. मिलिसेकंदांपासून सगळं सांगून टाकलं, माफी मागितली.

"ते मला पहिल्याच महिन्यात कळलं."

"कसं?"

"दर रविवारी नऊ म्हणजे नऊ. तू जन्मात कधी वेळेवर आला नाहीस. मी आयुष्यभर लोकांच्या वेळाच बघितल्यात."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"घड्याळ लावायला बरं पडायचं." वडील म्हणाले. "आज मात्र पंचाईत झाली. बावन्न वेळा लावायचं म्हणजे..."

त्याला हसू आलं. काहीतरी स्वतःचं, आधी भरून न ठेवलेलं विचारावं असं त्याला फार वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"गुडघा कसा आहे, बाबा?"

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"कोणता?" वडिलांनी विचारलं.

गेल्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी, नऊ वाजून सहा मिनिटांनी, वडिलांनी उत्तरात लिहिलं होतं: 'परवा दोन्ही बदलले. काळजी नको.'