तीन खांब आणि एक कुलूप

आमच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे समाधान मंजूर नकाशाप्रमाणे नाही, ही गंभीर बाब सोमवारी सकाळी अकरा वाजता उघडकीस आली. उघडकीस आणणारा मीच असल्यामुळे ती चूकही माझीच ठरली.

मी समाधान मापन कक्षातला आकडेतज्ज्ञ. कक्ष म्हणजे जिन्याखालचं एक टेबल आणि तज्ज्ञ म्हणजे हंगामी. सलग सहा वर्षं हंगामी. मला कायम करण्याचा आदेश टाइप होऊन संचालकसाहेबांच्या खणात पडला होता. सही तेवढी बाकी होती, आणि ती शुक्रवारी मंडळापुढे जाणाऱ्या अहवालावर अवलंबून होती.

साहेबांचा सिद्धांत असा, की कर्मचाऱ्याचं समाधान निष्ठा, आपुलकी आणि उत्साह या तीन खांबांवर उभं असतं. हा सिद्धांत त्यांना दाढी करताना सुचला आणि दोन महिन्यांत कार्यालयाच्या दारात तीन खरेखुरे खांब उभे राहिले, पितळी अक्षरांसकट. मग चोवीस प्रश्नांचा फॉर्म निघाला. एकेका खांबाला आठ प्रश्न, प्रत्येकापुढे एक (मुळीच नाही) ते पाच (पुरेपूर) यांतला आकडा लिहायचा. चारशे बारा जणांनी फॉर्म भरले. त्यानंतर, हे खांब माणसांच्या मनात खरंच आहेत का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं.

या तपासणीला पुष्टिदायी घटक विश्लेषण म्हणतात. भिंतीला आधी खुंट्या ठोकायच्या, कोणता सदरा कुठल्या खुंटीवर हवा ते ठरवायचं आणि मग सदरे तिथेच टांगलेले आहेत का ते बघायचं. सगळं तंतोतंत जुळलं तर आकडा येतो एक. ०.९५ आला तरी शास्त्र खूश असतं. आमचा आला ०.६१. म्हणजे बरेच सदरे जमिनीवर होते.

"म्हणजे कर्मचारी चुकले," साहेब म्हणाले.

"साहेब, कदाचित आपला नकाशाच..."

"खांब सिमेंटचे आहेत. शुक्रवारपर्यंत पंच्याण्णव आणा."

अशा वेळी संगणक बिचारा स्वतःहून सुधारणा सुचवतो. त्याचं म्हणणं पडलं, की तीन प्रश्नांचं आतून साटंलोटं आहे. ‘माझे कामात लक्ष लागते’, ‘दुपारी सहकाऱ्यांशी गप्पा माराव्याशा वाटतात’ आणि ‘मी बैठकीला शेवटपर्यंत उत्साहाने बसतो’. तिन्ही वेगवेगळ्या खांबांचे, पण ज्याने त्यांतल्या एका प्रश्नापुढे एक लिहिला, त्याने तिन्हींपुढे एकच लिहिला होता. आणि ही मंडळी सगळीच्या सगळी तिसऱ्या मजल्यावरची. मी वर गेलो.

तिथे रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या मावशी भेटल्या. सगळं कार्यालय त्यांना मावशीच म्हणतं. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून त्या फायली लावत होत्या.

"लक्ष कसं लागणार रे बाबा?" मावशी म्हणाल्या. "आठ महिने झाले, इथल्या संडासाला कुलूप आहे. तळमजल्यावर जायचं म्हणजे साठ पायऱ्या उतरा आणि साठ चढा. मी तर सकाळपासून पाणीच पीत नाही."

"आणि बैठकीत?"

"बैठकीत मी फक्त घड्याळ बघते. तू सांग ना साहेबांना. तुझं ऐकतील, तुझ्याकडे आकडे आहेत."

"सांगतो," मी म्हणालो, आणि खरंच सांगायचं ठरवलं.

दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी होती. फटीतून डोकावलो तर आत तीन खांबांचं उरलेलं सिमेंट आणि पितळी अक्षरांची रिकामी खोकी रचून ठेवलेली. मला एवढा आनंद झाला की पायऱ्या मी धावतच उतरलो. मला चौथा घटक सापडला होता.

"चौथा खांब?" साहेब खुर्चीतून उठले. "कुठे उभा करू? गाडीच्या वाटेत? आणि त्याच्यावर पितळेत काय लिहू?"

"खांब नको साहेब. नुसतं कुलूप उघडा."

"कुलूप उघडलं तर लोकांची उत्तरं बदलतील."

"हो!"

"म्हणजे गोळा केलेल्या माहितीत ढवळाढवळ. तुमच्या शास्त्राला चालतं का हे?" असं म्हणून त्यांनी खण थोडासा उघडला. आदेशाचा कोपरा मला दिसला.

शास्त्राला चालत नव्हतं. मी जिन्याखाली परतलो.

मंगळवारी मी खांबांशी गैरवर्तन करणारे पंधरा प्रश्न काढून टाकले. आकडा ०.७८. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरचे एकशे अठरा जण ‘अपवादात्मक प्रतिसादक’ म्हणून वगळले. ०.८८. दुपारी जिन्यात मावशी भेटल्या, कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या.

"माझा फॉर्म कामाला आला का रे?"

"आला ना मावशी," मी म्हणालो. मला स्वतःची लाज वाटली. पण नुसती लाज वाटून आकडा वाढत नाही.

गुरुवारी उरलेले फॉर्म नीट पाहिले आणि डोळे उघडले. काही लोकांनी प्रश्न वाचून, विचार करून उत्तरं दिली होती. सगळा घोटाळा त्यांचा होता. याउलट काहींनी पहिल्या प्रश्नापुढे जो आकडा लिहिला, त्याच्याखाली शेवटपर्यंत एक उभी रेघ ओढली होती. त्यांची उत्तरं एकमेकांशी इतकी छान जुळत होती की मला भरून आलं. मी विचारवंतांना वगळलं. ०.९४.

उरलेल्या एका शतांशासाठी खांबामागे एकेकच प्रश्न ठेवला: ‘हे कार्यालय मला माहीत आहे’, ‘माझ्या शेजारी कोणीतरी बसते’ आणि ‘मी सकाळी जागा होतो’. एकटा प्रश्न भांडणार तरी कोणाशी? आकडा आला एक. पूर्ण एक.

शुक्रवारी मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि हाच फॉर्म सगळ्या कार्यालयांत फिरवायचं ठरवलं. साहेबांनी तिथल्या तिथे माझ्या आदेशावर सही केली. कायम कर्मचाऱ्याला जिन्याखाली बसवणं नियमात बसत नाही, म्हणून मला तिसऱ्या मजल्यावर टेबल मिळालं, कुलपाच्या अगदी शेजारी. हल्ली मीही पाणी पीत नाही. मावशी माझ्याशी बोलत नाहीत. रागावल्या असतील, किंवा घसा कोरडा पडत असेल.

अहवाल मात्र उत्तम उभा आहे, आणि त्याचं श्रेय मी एकटा घेणार नाही. तुमच्याकडेही असा फॉर्म आला होता. आठवतंय? जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती, तुम्ही पहिल्या प्रश्नापुढे चार लिहिलात आणि खाली सरळ रेघ ओढलीत. एकही प्रश्न वाचला नाहीत. तुमचे मनापासून आभार. माझी नोकरी तुमच्यामुळेच कायम झाली. कुलूपही.