लाल डागांचा गुन्हेगार

गावातल्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने चिकटवलेला कागद असा आहे: 'सेड्रिक ट्वीडी, खासगी गुप्तहेर. नजर ससाण्याची, पाऊल मांजराचं, डोकं बर्फाचं. गुन्हेगारांनी आधी वेळ घेऊन यावं.' तीस वर्षं तो लोकरीची प्रतवारी करत होता. लोकर चिमटीत धरून मेंढीचा स्वभाव कळतो, तर माणसाचा का नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याची बायको, नायरी. गाडी मी चालवते, नोंदी मी लिहिते आणि त्याचा हरवलेला चष्माही मीच शोधते. आमची आजवर सुटलेली सगळी प्रकरणं चष्म्याचीच आहेत.

जानेवारीच्या सुरुवातीला मर्डो गिलांडर्सने बोलावलं. कुरणात गवत गुडघाभर, हिरवंगार, आणि त्याची कोकरं त्यात उभी राहून वाळत चालली होती. डोळ्यांतून पाणी, लोकर राठ, चरण्यावर मन नाही. जंतांचं औषध पाजून झालं होतं. महिनाअखेरीस घरासकट कुरण विकत घ्यायला एक गिऱ्हाईक येणार होतं, आणि तोवर कोकरांनी अंग धरलं नाही तर सही करून मोकळा होतो, असं मर्डोने सांगून टाकलं. त्याची थोरली बहीण एफीबाई त्याच घरात जन्मली, त्याच घरात म्हातारी झाली. कप भरून चहा बशीत सांडला तरी ती ओततच राहिली, आणि मला फार वाईट वाटलं.

मी वहीत पहिला शब्द लिहिला, कोबाल्ट. आमच्याकडच्या ज्वालामुखीच्या मातीत तेच कमी. चिमूटभर कोबाल्ट मिळालं नाही तर मेंढीच्या पोटातल्या जिवाणूंना बी-१२ बनवता येत नाही, आणि मग कितीही चरली तरी अंगी लागत नाही. म्हणून कोबाल्ट घातलेली, मिठाची लाल चाटण-वीट कुरणात ठेवायची असते. ठेवलीस ना, असं मी मर्डोला विचारलं.

"हे काय विचारणं झालं? डिसेंबरातच," तो म्हणाला. "माझी कंबर धरली होती, म्हणून शेजारच्या हेमीला सांगितलं, मागच्या दारातली वीट उचलून ने. दुपारी पाहिलं तर दारात वीट नव्हती. एव्हाना चाटून संपलीही असेल."

सेड्रिकने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन कोबाल्ट खोडलं. खनिजांची बाजू संपली, असं त्याने जाहीर केलं. हे तो मागच्या दारातल्या बुटक्या स्टुलावर, विणलेल्या लाल गादीवर बसून, गमबूट ओढून काढताना म्हणाला. ते स्टूल त्याला इतकं मानवलं की पुढचे आठ दिवस तपासाचं मुख्यालय तेच झालं.

पहिला संशय अर्थातच हेमीवर, कारण त्याची कोकरं गुबगुबीत होती. हेमीने चांगलं गवत चोरून वाईट गवत लावलं, असा सेड्रिकचा सिद्धांत. हेमीने शांतपणे विचारलं, "चाळीस एकर उपटून परत लावायचं, आणि वर गाईंचं दूधही काढायचं? मला एवढा वेळ असता तर मीही गुप्तहेर झालो असतो." मग कोकरांना विक्रीची बातमी कळून त्यांनी अन्न सोडलं, असा दुसरा सिद्धांत आला. तो एक दिवस टिकला.

त्यानंतर सापडले लाल डाग. एफीबाईच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, हेमीच्या बाकावर, आमच्या गाडीच्या सीटवर, आमच्या घरच्या कोचावर. सेड्रिकचा आवाज खाली आला. "नायरी, गुन्हेगार माझ्या एक पाऊल पुढे आहे. मी जिथे जिथे जातो तिथे तो आधीच बसून गेलेला असतो." त्यात कोकरं त्याच्या मागेमागे फिरून विजारीची बैठक चाटायला लागली. साक्षीदारांचा आपल्यावर विश्वास बसलाय, असं तो मला गाडीत सांगत राहिला.

नवव्या दिवशी त्याने सगळ्यांना स्वयंपाकघरात जमवलं आणि डाग पडलेल्या खुर्चीकडे बोट दाखवून भाषण सुरू केलं. तो हेमीच्या नावापर्यंत पोचतोय तोच एफीबाई उठली.

"ट्वीडी, पाठ कर बघू."

त्याने पाठ केली. विजारीची बैठक विटकरी झाली होती.

"माझ्या खुर्च्या आठवडाभर घासतेय मी. कुठे बसून येतोस रे?"

दारातल्या स्टुलावर, असं तो पुटपुटला. एफीबाई तरातरा मागच्या दाराशी गेली आणि तिने गादीचं जमिनीपर्यंत लोंबणारं विणकाम वर उचललं. खाली स्टूल नव्हतंच. लाल चाटण-वीट होती, दवाने ओली, रंग गादीतून वर झिरपलेला, आणि वरच्या बाजूने सेड्रिकच्या आकाराची झालेली.

मग हेमी म्हणाला की तो आला तेव्हा दारात वीट नव्हती, म्हणून मर्डोने ती दुसऱ्या कुणाकडून पाठवली असेल असं त्याला वाटलं. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. मर्डो बहिणीकडे बघत राहिला.

"झाकलीस कशाला?"

"मला वाटलं, बूट काढायला बसता यावं म्हणून ठेवलंस," एफीबाई म्हणाली. "माझे गुडघे दुखतात ना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुला सुचलं, म्हणून घरातलं सगळ्यात चांगलं विणकाम घातलं त्यावर."

सेड्रिकने भाषण अर्धवट सोडलं, आणि लग्नानंतर हे मी प्रथमच पाहिलं.

वीट त्याच दिवशी कुरणात गेली. जनावरांच्या डॉक्टरने कोकरांना बी-१२ टोचलं, आणि आठवड्याभरात ती गवतावर तुटून पडली. महिनाअखेरीस गिऱ्हाईक आलं, चहा पिऊन रिकाम्या हाताने गेलं. एफीबाईने ओतलेल्या चहाचा एक थेंबही बशीत पडला नाही. सेड्रिकने फळ्यावरच्या कागदात 'मेंढ्यांचा विश्वासू' एवढी भर घातली.

परवा गेलो तेव्हा मागच्या दारात लाकडी बाक होता, पाय थोडे वाकडे, पण नवा. सेड्रिक सवयीने बसायला गेला तर मर्डोने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"तो एफीचा आहे," तो म्हणाला. "या खेपेला मुद्दाम केलाय."