मनमिळाऊ म्हणायचं नाही

आमच्या सायखेड्याला गोदावरीच्या घाटावर कुणाचाही दहावा असो, केरूतात्या माईककडे निघाले की बायका आधीच पदर तोंडाला लावून ठेवत. हसू दाबायला. दहाव्याला हसणं शोभतं का, सांगा? पण तात्या बोलायला लागले की इलाजच नसे. एकदा तर डोकं भादरून विधीला बसलेला थोरला मुलगाच टॉवेल तोंडात कोंबून हसत होता, आणि गुरुजी त्याला खुणावत होते, की बाबा, निदान पिंड तरी पाडू नकोस.

आमच्याकडे दहाव्याला भाषणं असतात. बाहेरच्यांना हे नवल वाटतं, म्हणून सांगते. सकाळी नदीवर मांडव पडतो, सतरंज्या अंथरतात, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग एकेक जण श्रद्धांजलीला उभा राहतो. सोसायटीचे चेअरमन, आजी-माजी सरपंच, व्याही, पाव्हणे. बोलतात सगळे तेच. कैलासवासी मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, धार्मिक होते, त्यांच्या जाण्याने गावाची कधीही भरून न निघणारी हानी झाली. आमच्या गावाची इतक्यांदा हानी झाली, तरी गाव आपलं वाढतंच होतं.

केरूतात्या आमचे शेजारी, भिंतीला भिंत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी वीस वर्षं काढलेली, त्यामुळे बोलणं असं, जसं काही तुमच्या-त्यांच्या मधे एक मोठं मशीन चालू आहे. माईकची गरजच नव्हती, पण तो हातात धरायला आवडायचा. नव्वद सालाच्या पुढेमागे रिटायर झाले आणि सायकलवर टांग मारून पंचक्रोशीतले दहावे गाठायला लागले. नियम एकच. "मनमिळाऊ म्हणायचं नाय."

माजी सरपंच अण्णा गेले तेव्हा सात जण बोलले आणि सातही जणांनी अण्णांना मनमिळाऊ करून टाकलं. आठवे तात्या.

"अण्णा मनमिळाऊ? कोण म्हणतं?" तात्या गरजले. "अण्णा माझ्याशी अकरा वर्षं बोलला नाय. बांधावरून भांडण. पण दर उन्हाळ्यात पाटीभर आंबे माझ्या ओट्यावर आणून आदळायचा आणि तोंड फिरवून जायचा. मी पण तोंड फिरवून आंबे आत घ्यायचो. असा अबोला तुमच्यात कुणाला जमतो का?"

अण्णांची बायको नऊ दिवस नुसती भिंतीकडे बघत बसली होती. ती एकदम म्हणाली, "अगं बाई! आणि मला सांगायचे, माकडांनी नेले!" आणि मग जी रडली, जी रडली, की सगळ्यांना बरं वाटलं.

तात्यांचा हा हट्ट उगाच नव्हता. एकदा घाटावर शेजारी-शेजारी दोन मांडव होते. तालुक्याचे एक पुढारी, त्या सकाळी त्यांना चार दहावे गाठायचे होते, गाडीतून उतरले ते भलत्याच मांडवात शिरले. दहा मिनिटं बोलले. कष्टाळू, धार्मिक, मनमिळाऊ. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मुलांनी डोळे पुसले, पुढारी हात जोडून गाडीत बसले. तात्या तेवढे माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "सूनबाई, मेलेला हलवाई, आणि भाषण झालं शेजारच्या पहिलवानाचं. आणि बसलं की दोघांना! कुठला शिंपी शिवतो गं असा सदरा?"

स्वतः मात्र मापं घेऊन शिवत. कुणी गेलं की तिसऱ्या दिवसापासून त्या घरी जाऊन बसायचे. प्रश्न ठरलेले. काय आवडीनं खायचा? कशावरून चिडायचा? घरात कुणी नसलं की काय करायचा? माणसं वैतागायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हा मीही वैतागले. म्हटलं, "खायच्या काय, आम्ही खायचो तेच." तात्या हलले नाहीत. चहा प्यायले, अजून एक प्यायले. तिसऱ्या कपाला माझ्याच तोंडून निघून गेलं, की शेंगदाण्याचे लाडू केले की त्यातले चार-पाच आत्याबाई पिठाच्या डब्यात लपवायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, मांजरीनं खाल्ले. आमच्या घरात मांजर नव्हती.

दहाव्याला तात्या उभे राहिले. बरीच माणसं होती. म्हणाले, "मंडळी, या घराला एक मांजर होती. ती दहा दिवसांपूर्वी गेली."

आमचे हे दोन दिवस तात्यांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताजेवता आपणच म्हणाले, "पिठाचा डबा बघितलास का गं? मांजरीनं काही ठेवलंय का?" मी बघितला. दोन लाडू होते. आम्ही दोघांनी एकेक खाल्ला, पीठ झटकून.

तात्यांची बायको शेवंताकाकू मात्र या सगळ्याला वैतागलेली. "साऱ्या गावातल्या मेलेल्यांना काय आवडायचं ते या माणसाला पाठ हाय. घरातल्या जित्या बाईला वांगं आवडत नाय, हे चाळीस वर्षांत कळलं नाय!" तात्या भिंतीपलीकडून ओरडत, "कळलंय! तुझ्या दहाव्याला सांगीन!" की इकडे आमच्या फळीवरची भांडी हलायची.

एकदा उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. तात्या कावळे हाकायला बसले होते. मी सहज विचारलं, "तात्या, हे वेड तुम्हाला लागलं कुठून?"

तर पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा झाला. म्हणाले, "सूनबाई, माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. बापानं वर्षाच्या आत दुसरी केली. दुसरीनं मला पोटच्यासारखं सांभाळलं, खोटं कशाला बोलू. पण घरात पहिलीचं नाव काढायची चोरी. फोटो त्या काळात कुठला? मोठा झाल्यावर मी गावात म्हाताऱ्या माणसांना विचारायचो, माझी आई कशी होती? सगळी म्हणायची, 'चांगली होती. गरीब गाय होती.' बास. चांगली होती म्हणजे काय गं? उंच होती का? भाकरी जाड करायची का पातळ? मला काहीतरी एक सांगा ना. तर नाय. मेलेल्याला नावं ठेवू नयेत म्हणून सगळ्यांनी मिळून माझी आई पुसून टाकली."

माझी कुरडई वाकडी पडली.

"आता तिला बघितलेलं एकच माणूस उरलंय," तात्या म्हणाले. "भागाआजी."

भागाआजी वरच्या आळीच्या. तात्यांची आई आणि त्या एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. तात्या दर सणाला त्यांच्या पाया पडायला जात, आणि दर सणाला विचारत. भागाआजी डोक्यावरून हात फिरवून म्हणत, "चांगली होती रे बाबा," आणि दाराबाहेर बघत.

दोन हजार एक-दोनची गोष्ट असेल. थंडीत भागाआजी गेल्या. नव्वदीला टेकलेल्या होत्या, दुःख करावं असं काही नव्हतं, पण तात्या घाटावरून आले ते ओट्यावर नुसते बसून राहिले. "संपलं सूनबाई. आता विचारायला कुणी नाय."

पण तिसऱ्या दिवशी सवयीने त्यांच्या घरी गेलेच. प्रश्न विचारता विचारता भागाआजींच्या नातवानं सांगितलं, की डोंगरातल्या पेठ तालुक्याकडची एक म्हातारी दरवर्षी आजीला नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पाठवते. कोण, कुठली, आजीनं कधी सांगितलं नाही. पिशवीवर पाड्याचं नाव तेवढं असतं.

झालं. तात्यांना दम निघेना. भागाआजींचं काहीतरी कळेल म्हणून पेठला जायचं ठरलं. शेवंताकाकूंचे गुडघे धरलेले, त्या मला म्हणाल्या, "तू जा गं बरोबर. हा माणूस तिथं जाऊन एखाद्या जित्या बाईचा दहावा करून येईल."

नाशिकवरून दुसरी एसटी धरली, घाट चढून पेठला उतरलो, तिथून जीप, आणि मग पाऊण तास पायी. पाड्यावर पोचलो तर सोमीआजी अंगणात उन्हात बसून नागली पाखडत होती. वाळकी, काटक, पण दात माझ्यापेक्षा जास्त. भागाआजी गेल्याचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, कपाळाला हात लावला. मग तात्यांना नीट निरखून म्हणाली, "आन् तू कोनाचा?"

"मी ठकूबाईचा. सायखेड्याचा."

"ठकूचा?" म्हातारी उठून उभी राहिली. "माळ्यावर पाठीला बांधलेला असायचा, तो पोसा तू? किती म्हातारा झालास रं!"

तात्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तात्यांच्या, बरं का! मीच विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या आईला बघितलं होतं?"

"बघितला नाही तं! आमी इकडून बाजरी काढाया यायचो, यांच्याच खळ्यावर. मी एवढीशी पोरगी."

तात्यांनी घसा साफ केला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना भीती वाटली, की आता हीसुद्धा तेच म्हणणार. हळूच म्हणाले, "चांगली होती म्हणतात."

"चांगली?" सोमीआजी फिस्सकन हसली. "कोन बोलला? लय तोंडाळ तुझी आयस! एकदा तुझ्या बापानं आमा मजुरांना दुपारची भाकर कमी दिली. तिनं ऐकला. घरच्यांची टोपली उचलली, खळ्यात आनली आन् आमच्या पुढं पालथी केली. आन् सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हनली, आज तू कडबा खा!"

"खाल्ला का?" तात्यांनी विचारलं.

"उपाशी राहिला दिसभर! आन् शीळ घालायची ती. बाईमानूस! बाजरीत माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची, गोफन नाही का काय नाही, नुसती शीळ. पार नदीच्या पल्याड जायची. सासू खालून शिव्या द्यायची, ही वरून शीळ घालायची. भागा भित्री, ती हिच्या मागं-मागं. आन् तू पाठीला. शीळ वाजली का तू हसायचास खिदीखिदी."

तात्या तिच्या सुपाशेजारीच बसले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. मला म्हणाले, "ऐकलंस सूनबाई? चांगली नव्हती गं! तोंडाळ होती!" असं म्हणाले, जसं काही लेक पहिल्या नंबरानं पास झाली.

भागाआजींचं विचारायचं ते विसरूनच गेले. ते सगळं मी विचारून घेतलं. हंगाम संपून मजुरांचं बिऱ्हाड उठताना भागानं हिला आपली बाळंतपणातली गोधडी दिली होती, तिची आठवण म्हणून साठ वर्षं नागलीचं पीठ जात होतं. निघताना सोमीआजीनं ते पीठ आमच्याकडेच दिलं. म्हणाली, "आता हा खाईल."

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी. घाट सुरू झाला आणि मला शेजारून फुस्स, फुस्स असा आवाज यायला लागला. बघते तर ओठांचा चंबू करून शीळ घालायचा प्रयत्न चाललेला. कवळी काढून खिशात ठेवली. तरी फुस्स. पुन्हा बसवली. मी म्हटलं, "तात्या, माणसं बघताहेत." "बघू दे." दोन बोटं तोंडात घातली, गाल फुगवले, आणि अशी काही सणसणीत शिट्टी निघाली, की ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनंच मारली. त्यानं करकचून ब्रेक दाबला. कोंबड्यांची पाटी घसरून पुढे आली, एक बाई "अगं आई गं" करत माझ्या मांडीवर.

"कोणी वाजवली रे?" कंडक्टर चिडून मागे आला. "ओ बाबा, तुम्ही? घंटी माझी, शिट्टी माझी, आणि गाडी तुम्ही थांबवणार?"

सगळी गाडी मागे वळून बघायला लागली. मी पदर तोंडाला लावला. तात्या उठले, वरचा दांडा धरला, टोपी नीट केली. आणि बॉयलरपाशी बोलायच्या आवाजात म्हणाले,

"माफी असावी मंडळी. आमच्या मातोश्री गेल्या. जरा उशीर झालाय कळवायला, साठ-पासष्ट वर्षं. त्यांचं नाव ठकूबाई. मनमिळाऊ अजिबात नव्हत्या..."

गाडी घाटात उभी होती. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण तात्यांचं बोलून होईपर्यंत त्यानं ती काही ओढली नाही.