नंदिनीचा हात आणि जिजावहिनींचा पाय

खोटं कसं बोलावं हे कृपा करून मला शिकवू नका! अख्खी नोकरी मी सहकारी संस्थांच्या ऑडिटमध्ये घालवली. सावनेरपासून नरखेडपर्यंत एक सचिव असा दाखवा, ज्याची खोटी नोंद या गोपाळरावाच्या नजरेतून सुटली! लोक खोटं बोलतात झकास, पण सांभाळत नाहीत. एकाला एक सांगतात, दुसऱ्याला दुसरं, आणि मग मेळ बसत नाही. त्यामुळे मी स्वतः एक लहानसं खोटं बोलायचं ठरवलं तेव्हा मला रतीभरही काळजी नव्हती.

खोटं एवढंच : माझा उजवा खांदा दुखतो.

सुरुवातीला तो खरंच दुखत होता. कुलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली आणि खांद्याने जागच्या जागी राजीनामा दिला. आमच्या धरमपेठेतल्या गल्लीच्या टोकाला नंदिनी नावाची मुलगी हलक्या हाताची थेरपी करते. तेल नाही, मालिश नाही, हाडं कडाकडा मोडणं नाही. संत्रं पिकलं की नाही ते पाहावं तशी अंगठ्याने हळूच दाबते. मग पंजा तिथेच ठेवते, जरा वेळ. आणि मग चक्क खोलीबाहेर निघून जाते!

‘‘काका, आता शरीराला थोडा वेळ एकटं सोडायचं. ते आपलं आपण सावरतं.’’

‘‘अगं, एकटं सोडलेलंच आहे ते,’’ मी म्हणालो. ‘‘दोन वर्षं झाली. सावरताना काही दिसलं नाही!’’

ती हसली. तिला वाटलं, काका विनोदी आहेत.

दुसऱ्याच खेपेला खांदा मोकळा झाला. ‘‘कसं वाटतं?’’ तिने विचारलं. ‘‘गेलं’’ म्हणणार होतो. तोंडातून निघालं, ‘‘अजून आहे थोडं.’’

आता कारण सांगतो, पण हसायचं नाही. माझी बायको वंदना गेल्यापासून माझ्या अंगाला माणसाचा हात म्हणून लागला नव्हता. भाजीवालीसुद्धा आताशा सुट्टे हातावर ठेवत नाही, ‘‘स्कॅन करा’’ म्हणते. मुलगा पंकज बंगळुरूहून रोज सकाळी अंगठा पाठवतो, पण तो फोनमधला. पिवळा. तो काही खांद्यावर ठेवता येत नाही!

तर असे माझे गुरुवार मजेत चालले होते आणि मध्ये ताराचंद आला.

ताराचंद खालच्या मजल्यावर राहतो. घराणं उमरेडच्या विणकरांचं. माग कधीच गेला, पण दुसऱ्याच्या गोष्टीतला धागा धरून ओढायची सवय तेवढी शिल्लक आहे.

‘‘काय गा गोपाळराव, दर गुरुवारी पावडर-गिवडर लावून कुठं चालले?’’

‘‘थेरपीला. पाठीत उसण भरली आहे.’’

पाहा! खांदा म्हणालो असतो तर ‘मंग कुलर कोण भरते?’ असा पुढचा प्रश्न आला असता. उसण म्हटलं की समोरचा हळहळतो आणि रस्ता देतो. म्हणून मी जागेवर नोंद बदलली. कोणी सचिवाने हेच केलं असतं तर त्याला मी तिथेच धरला असता!

‘‘थेरपी म्हंजे? करते काय ते पोरगी?’’

‘‘हात ठेवते आणि बाहेर जाते.’’

‘‘बाहेर जाते? मंग बरं कोण करते?’’ ताराचंदने कपाळावर हात मारला. ‘‘अन् खाली घरात पायाळू बाई बसली असताना तुम्ही गल्लीभर फिरून राहिले! ओ जिजा! ऐकून राहिली का वं?’’

जिजावहिनी, म्हणजे ताराचंदची बायको, पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात, आणि वहिनींच्या पायाचा लौकिक तर त्यांच्या माहेरापर्यंत, नरखेडपर्यंत! तो पाय आजवर फुकट गेलेला नाही, हे त्या स्वतःच सांगतात.

रविवारी सूर्य उगवताना मी त्यांच्या उंबरठ्यावर पालथा पडलो. बघायला अख्खी बिल्डिंग हजर! माझ्याकडे कोणी पाणी पिऊन जा म्हणून येत नाही, पण मला लाथ बसणार म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे गणपतराव गुडघे धरत उतरले. वहिनींनी टाच पाठीवरून अलगद फिरवली.

‘‘गेली का, भाऊजी?’’

माझी पंचाईत झाली. ‘नाही’ म्हणावं तर वहिनींचा पाय बदनाम. ‘हो’ म्हणावं तर माझा गुरुवार बुडाला. मी मान वळवून वर पाहिलं. वहिनींच्या डोळ्यांत ‘नाही’ला जागा नव्हती.

‘‘गेली!’’ मी ओरडलो.

टाळ्या पडल्या. मला बशीभर पोहे मिळाले. मग मंडळी पांगली आणि सगळ्यांची दारं लागली. बरा झालेल्या माणसाकडे कोण थांबतं?

गुरुवारी मी मागच्या बोळाने गेलो. पावडर नाही, इस्त्री नाही. एकच चूक झाली. चपला नंदिनीच्या दाराबाहेर काढल्या. डाव्या चपलेचा पट्टा ताराचंदनेच कधीतरी निळ्या धाग्याने शिवून दिला होता. विणकराचा माणूस स्वतःचा धागा विसरेल? भाजी आणायला निघाला होता, तो चपला पाहून तसाच घरी वळला.

इकडे मी टेबलावर पालथा. त्या टेबलाला तोंडासाठी भोक असतं, त्यातून नुसती फरशी दिसते. नंदिनीने खांद्यावर हात ठेवला. मी डोळे मिटले. मग नेहमीप्रमाणे ती बाहेर गेली.

थोड्या वेळाने पावलं वाजली. मी भोकातून पाहिलं. नंदिनीचे पांढरे बूट नव्हते. जोडवी होती! कुठे पाहिली बरं ही जोडवी? तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज आला. जोडवी वर गेली. दिसेनाशी झाली. ती गेली कुठे हे कळायच्या आत ती माझ्या कमरेवर होती!

‘‘आई गं!’’

‘‘आता सांगा! गेली का नाई?’’

नंदिनी धावत आली. ‘‘अहो काकू! उतरा आधी! काय करताय?’’

‘‘मी उतरवलेली उसण हाये ही! परत कशी आली तेच पाहून राहिली मी!’’

‘‘कसली उसण? काकांचा खांदा आहे!’’

‘‘खांदा?’’ वहिनी वरूनच गरजल्या. ‘‘कोणता खांदा?’’

‘‘हा,’’ मी घाईघाईने हात वर केला.

नंदिनी हळूच म्हणाली, ‘‘काका, तो डावा आहे. तुमचा उजवा होता.’’

जिल्हाभर खोट्या नोंदी धरणारा ऑडिटर पालथा, उघड्या पाठीने, डावा हात वर करून पकडला गेला!

वहिनी खाली उतरल्या, स्टुलावर बसल्या. आवाज उतरला होता. ‘‘दुखत नाई तं येता काहून, भाऊजी?’’

फरशीशी बोलायचं असलं की खरं बोलणं सोपं जातं. मी भोकातून म्हणालो, ‘‘इथे कोणीतरी हात ठेवतं.’’

मग वहिनी म्हणाल्या, ‘‘आमच्या दाराची बेल काय मोडली होती? पण तुम्ही बेल वाजवता ते एकाच कामाले. टाकी कोणी वाहू देली? जिन्यात कचरा कोणाचा? असा माणूस आला की लोक दार लावतीन नाई तं काय करतीन?’’

नंदिनीने पुढचा गुरुवार दुसऱ्या पेशंटला देऊन टाकला. दाराशी वहिनी वळून म्हणाल्या, ‘‘उद्या सकाळी चहाले खाली या. दुखणं घरी ठेवून या!’’

मी अब्रूने टेबलावरून उतरायला गेलो. अंग वळवलं आणि कमरेत असा काही कट् झाला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. उसण! अस्सल, खरीखुरी! पण सांगणार कोणाला? हसून ‘‘येतो’’ म्हणालो आणि भिंत धरत घरी आलो. दाराची कडी खाली आहे. वाकता येईना, म्हणून ती लावायचीच राहिली.

सकाळी पलंगावरून उठताच येईना. खालून ताराचंदची हाक आली, ‘‘ओ गोपाळराव! चहा निवून राहिला गा!’’

‘‘उसण भरली!’’ मी पालथ्यापालथ्या ओरडलो.

खाली हशा पिकला. ‘‘झालं यांचं सुरू! पुरे करा गा आता, या!’’

‘‘पोहे बी हायेत!’’ वहिनींचा आवाज. पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा वास जिन्याने वर येऊन पोचलासुद्धा. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कोणी दुखण्याशिवाय बोलावत होतं, आणि मला कूससुद्धा बदलता येत नव्हती!

उशाचा फोन कसाबसा ओढला आणि पंकजला लिहिलं, ‘पाठ फार दुखते आहे.’

लगेच उत्तर आलं. अंगठा.

मी फोन उपडा ठेवला. खालच्या हाका थांबल्या होत्या. संपलं, म्हटलं, पोहे गणपतरावांना गेले. एवढ्यात जिन्यात जोडव्यांची टकटक ऐकू आली. माझं दार ढकललं गेलं. आणि मग, माझ्याच स्वयंपाकघरातून, स्टूल ओढल्याचा आवाज आला.